निळ्या डोक्याचा दावा

माझ्यावर संशय घेण्यात आला. माझ्यावर! दुसऱ्यांवर संशय घेण्याचा ज्याने आयुष्यभर पगार घेतला, त्या माणसावर. न्हाव्याला धरून त्याच्याच वस्तऱ्याने त्याची हजामत करावी, तसा हा प्रकार.

मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात दुय्यम प्रमुख आहे. दावे विभाग म्हणजे दावे मंजूर करणारा विभाग, असा भाबड्या लोकांचा समज असतो. मंजूर करायला विभाग कशाला लागतो? एक शिक्का आणि एक शिपाई पुरे. विभाग लागतो तो नामंजूर करायला. लोक रडत येतात. घर जळलं, दुकान बुडालं, गाय मेली. मी शांतपणे विचारतो, "आग लागली तेव्हा नळाला पाणी होतं का?" माणूस गोंधळतो. गोंधळला की संपला. तबेल्याचं दार उघडं ठेवून घोडा हरवून बसलेल्या एका गृहस्थाला मी पूर्वी एक पत्र लिहिलं होतं. विभागात नव्याने आलेल्यांना ते आजही वाचायला देतात. त्याचं शेवटचं वाक्य असं आहे: 'झालेल्या नुकसानीबद्दल कंपनीला सहानुभूती आहे, मात्र सहानुभूती पॉलिसीत अंतर्भूत नाही.' हे वाक्य माझं. लोक मागे काय काय ठेवून जातात. मी हे ठेवून जाणार.

तर आमचे साहेब, म्हणजे विभागप्रमुख, निवृत्त व्हायचे होते. खुर्ची रिकामी होणार, आणि ज्येष्ठतेने ती माझी, यात मला तिळमात्र शंका नव्हती. बातमी फुटल्यापासून माझी चाल बदलली असं घरातून सांगण्यात आलं. "आंघोळीला जातानासुद्धा पाहणी दौऱ्यावर निघाल्यासारखे जाता," बायको म्हणाली. बायकांना कर्तबगार माणसाची चाल ओळखता येत नाही, म्हणून त्या नवऱ्याची तेवढी ओळखतात.

त्यात कंपनीने फतवा काढला की प्रत्येक कर्मचाऱ्याने निदान एक तरी 'अभिनव' विमा आणावा. मग काय, जो तो अभिनव झाला. एकाने आपल्या काकांच्या मिशांचा विमा उतरवला. दुसऱ्याने बायकोच्या गाण्याच्या आवाजाचा. खरं म्हणजे तो शेजाऱ्यांनी आपल्या कानांचा उतरवायला हवा होता. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बघू या, कोण काय वेगळं आणतं. वर नाव पाठवताना तेही बघितलं जाईल." हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. निदान माझ्या दिशेला तरी बघत होते. माझ्या पलीकडच्या टेबलावर मुंगी बसते.

मुंगी ही माझी शिष्या. खाली मान घालून येते, फटीत शिरते, आणि तोंडात पुरावा धरूनच बाहेर येते, म्हणून मीच तिचं हे नाव पाडलं. तिला मी घडवली. 'कागद खोटं बोलत नाही, माणूस बोलतो' हे मी तिला पहिल्या दिवशी शिकवलं. हे विसरू नका. मी विसरलो, म्हणून सांगतो.

आता मेहुणा. माझा मेहुणा माशांच्या मेंदूवर संशोधन करतो. माशाला मेंदू असतो हे त्याच्याकडून कळेपर्यंत आमचं बरं चाललं होतं. तो परदेशी एका परिषदेला निघाला होता, आणि त्याची काचेची टाकी कुठेतरी ठेवायची होती. संस्थेत ठेवायला तो तयार नव्हता. मागच्या वेळी तो रजेवर असताना एका सहकाऱ्याने त्याचे मासे परस्पर स्वतःच्या प्रयोगात वापरून टाकले होते. असे हे विद्वान लोक. आमच्याकडे निदान छत्र्याच चोरीला जातात.

टाकी आमच्या बैठकीच्या खोलीत आली. तिच्याबरोबर पंप, नळ्या, खारं पाणी, दिवा आणि एक लांबलचक व्याख्यान आलं.

"भाऊजी, नीट ऐका हं," मेहुणा म्हणाला. "हा निळ्या डोक्याचा एकटाच नर आहे. या पिवळ्या सगळ्या माद्या. हा जोवर त्यांच्या डोळ्यांसमोर आहे तोवर सगळं सुरळीत. पण हा दिसेनासा झाला, की सगळ्यात मोठ्या मादीच्या मेंदूत—"

इथून पुढे मी ऐकलं नाही. 'एकटाच नर' हे शब्द कानावर पडले आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. मिशा काय, आवाज काय! प्रयोगशाळेतल्या एकमेव निळ्या डोक्याच्या नराचा विमा! मुख्य कचेरीतल्या लोकांच्या भुवया कपाळावरून थेट टाळूवर गेल्या असत्या. मेहुणा बोलत होता, मी मान डोलवत होतो, आणि मनातल्या मनात साहेबांची खुर्ची खिडकीकडून भिंतीकडे सरकवत होतो.

"समजलं ना, भाऊजी?"

"अरे, त्यात न समजण्यासारखं काय आहे? बरं, मला एक सांग, याचा विमा आहे का?"

मेहुण्याने आपल्या बहिणीकडे पाहिलं. बहिणीने छताकडे पाहिलं. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी अशाच ठरतात.

माशाच्या विम्याचा फॉर्म आमच्याकडे नव्हता. म्हणून मी गुरांचा घेतला. जनावर ते जनावर; पाय मोजायला कोण येतंय? गुरांच्या विम्यात ओळख फार महत्त्वाची असते. कानात बिल्ला ठोकतात, आणि नियम असा की बिल्ला नाही तर दावा नाही. नाहीतर लोक एकाच मेलेल्या गाईवर वर्षभर जगतील. मी रकाने भरले. शिंगे: नाहीत. शेपूट: आहे. दूध: देत नाही. कानातला बिल्ला: इथे मी थोडा अडखळलो, कारण मुळात कानच नव्हता. पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. त्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'ओळखीची कायमस्वरूपी खूण — निळे डोके. लिंग — नर, कायमस्वरूपी.' दुसरा 'कायमस्वरूपी' कुणी मागितला नव्हता. तो मी माझ्या पदरचा घातला.

"आणि माद्यांचं काय?" मुंगीने फॉर्म बघून विचारलं होतं.

"त्या चिल्लर आहेत गं. त्यांचा कशाला?"

"बरं, सर," ती म्हणाली. मुंगी कधी वाद घालत नाही. ती फक्त लक्षात ठेवते.

टाकीने आमच्या घरात माणसांची रांग लावली. समोरच्या घरातले सल्लागार तर मुक्कामालाच आले. ते पूर्वी काय करायचे हे कुणालाच माहीत नाही. पण जे करायचे ते लोक त्यांना विचारून करायचे, असं ते सांगतात. टाकीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "अहो, हे झाकण कशाला? जीव आहे तो! तुम्हाला कुणी डब्यात घालून वर झाकण लावलं तर कसं वाटेल?"

मेहुण्याने झाकणाबद्दल काहीतरी सांगितल्याचं अंधूक आठवत होतं. पण ते माझ्या न ऐकलेल्या भागात होतं. मी झाकण काढलं. सल्लागार समाधानाने म्हणाले, "बघा, कसे मोकळे झाले!"

फारच मोकळे झाले. एका सकाळी बायकोची हाक आली. "अहो, तुमचे साहेब चपलांच्या फळीमागे पडलेत." ती त्या नराला पहिल्यापासून साहेबच म्हणायची, कारण तो दिवसभर काही न करता सगळ्यांच्या मागे फिरायचा. मी धावलो. साहेब उडी मारून बाहेर आले होते आणि माझ्या बुटाशेजारी निष्प्राण पडले होते.

सामान्य माणूस अशा वेळी हळहळला असता. मी पॉलिसीची प्रत शोधायला लागलो. सगळी कपाटं उपसली. बायको टाकीसमोर उभी होती. ती म्हणाली, "अहो, इकडे या ना जरा. ही मोठी पिवळी बघा, कशी सगळ्यांच्या अंगावर जातेय. आत्तापर्यंत गरीब गाय होती हो."

"ही काय मासे बघत बसायची वेळ आहे?" मी ओरडलो.

ती तीच वेळ होती, हे मला फार उशिरा समजलं.

मृत्यूचा दाखला हवा, म्हणून साहेबांना ओल्या फडक्यात गुंडाळून मी प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. दवाखान्यातल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"नाव नाहीये."

"वय?"

"माहीत नाही."

"काय होतंय?"

"मेलाय."

"मग तुम्हाला घाई नसेलच. बसा."

मी बसलो. एका बाजूला कान ठणकणारा कुत्रा, दुसऱ्या बाजूला मांजर. मांजराने माझ्या फडक्यात जेवढा रस दाखवला तेवढा माझ्या आयुष्यात कुणी माझ्यात दाखवलेला नाही. शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं.

"नर आहे कशावरून म्हणता?"

"डोकं निळं होतं."

"हे तर करडं दिसतंय."

"मेल्यावर रंग उडाला."

"हं," डॉक्टर म्हणाले. हा 'हं' माझ्या ओळखीचा होता. दावेदारांशी बोलताना मी तोच वापरतो. त्यांनी चिमटा आणि सुरी घेऊन पोटात पाहिलं, नर असल्याचं मान्य केलं, आणि दाखल्यावर प्रामाणिकपणे लिहिलं: 'मृत मासा, नर, रंग करडा.'

घरी येऊन मी दाखला आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवली. इकडे निळं, तिकडे करडं. दुसऱ्या कुणाचा असा दावा आला असता तर चहा थंड व्हायच्या आत मी तो उडवला असता. सल्लागारांनीही दोन्ही कागद पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सोपं आहे. शाई आहे का घरात?"

"तुम्ही मला समजता काय?" मी ताडकन उठलो. माझ्यासारख्या माणसाला मेलेल्या माशाचं डोकं रंगवायला सांगतात! अपमान तो किती सोसायचा? सल्लागार गेले. त्यानंतर मी शाईच्या दौतीचं झाकण उघडून फक्त पाहत होतो, तेवढ्यात बायको आली. ती दौत उचलून घेऊन गेली. मग साहेब एका डबीत, बर्फाच्या कप्प्यात, वाटाण्यांच्या शेजारी विसावले.

मी दावा दाखल केला. आमच्या कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत बराच काळ लोटला. या वेगाचा मला एरवी अभिमान आहे. दावेदार दमला की तडजोडीला तयार होतो.

इकडे टाकीत विचित्र प्रकार सुरू झाला. मोठी पिवळी आधी मळकी दिसायला लागली.

"शोक करतेय बिचारी," सल्लागार म्हणाले. "काळवंडली."

मग ती बाकीच्यांना टाकीभर पळवायला लागली.

"दुःखाने भ्रमिष्ट झाली."

मग तिच्या गळ्याभोवती काळा-पांढरा पट्टा उमटला आणि डोकं हळूहळू निळं पडायला लागलं. सल्लागारांनी नाकावरचा चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "तुमचं पाणी खराब आहे." त्यानंतर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. स्वतःचं ज्ञान संपलं की माणसं दुसऱ्याच्या पाण्याला नावं ठेवतात.

आणि एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर टाकीत साहेब! तेच निळं डोकं, तेच हिरवं धड, तोच मिजासखोर फेरफटका. मी बर्फाचा कप्पा उघडला. साहेब तिथेही होते. मी पुन्हा टाकीकडे गेलो. तिथेही होते. मग मी मेहुण्याला फोन लावला.

त्याला नर गेल्याचं मी तेव्हाच कळवलं होतं. पॉलिसी त्याच्या नावावर, म्हणून दाव्यावर त्याची सही लागणार होती. पण पुढचं ऐकून तो फोनमध्ये किंचाळला, "म्हणजे ती बदललीसुद्धा? अहो भाऊजी, तेच तर सांगत होतो मी तुम्हाला! या जातीत मोठा नर नाहीसा झाला की सगळ्यात मोठी मादीच नर होते!"

"होते म्हणजे? कुणाच्या परवानगीने?"

"मेंदूच्या! नर दिसत नाही हे डोळ्यांनी टिपलं, की आधी मेंदूत निरोप फिरतात. तासाभराच्या आत तिचं वागणं बदलतं. ती नरासारखी चालते, दुसऱ्यांना हुसकावते. तेव्हा तिच्या पोटात अजून अंडीच असतात! हार्मोन मागाहून बदलतात. मादीचं हार्मोन घटत जातं, नराचं वाढत जातं, मग आतले अवयव बदलतात आणि रंगही चढतो. काही प्रयोगांत तर बीजांडकोश काढून टाकला होता, तरी मादी नरासारखी वागायला लागलीच."

मी जरा विचार केला. "म्हणजे आधी कुजबुज, मग वागणं, आणि परिपत्रक सगळ्यात शेवटी."

"हो... तसं म्हणा. हार्मोन म्हणजे परिपत्रक. ते निघतं तोवर खालचं अर्धं काम उरकलेलं असतं."

"आणि बाकीच्या माद्या काय करतात रे?"

"त्या? काही नाही. बाजू देतात. सरकून वाट करून देतात." मग त्याचा आवाज कातर झाला. "भाऊजी, तो नर मी परत आल्यावर स्वतः बाहेर काढणार होतो. कॅमेरे लावून. मला पहिला तास हवा होता, त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप. तुम्ही तिथेच होतात ना? त्या पहिल्या तासात मोठीने काय काय केलं?"

"मी कामात होतो," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी मुंगी पाहणीला आली. तिला पाठवली याचं मला बरं वाटलं. घरचं माणूस. तिने पाणी घेतलं, चहा नाकारला. दावेदाराचा चहा घेऊ नये हे मीच शिकवलंय. मग ती टाकीसमोर बसली आणि पॉलिसी उघडली.

"सर, विमा उतरवलेला नर मेला आहे."

"हो."

"ओळखीची खूण, निळं डोकं. कायमस्वरूपी."

"हो."

तिने टाकीकडे बोट केलं. निळ्या डोक्याने काचेजवळ येऊन तिच्याकडे पाहिलं. साक्षीदारसुद्धा इतका तत्पर नसतो.

"तो तो नव्हे!" मी म्हणालो. "ती ती आहे. म्हणजे ती होती. आता ती तो झालीय. पण तो हा नव्हे. तो बर्फात आहे."

मुंगी लिहीत होती. तिने मोठ्याने वाचून दाखवलं, "'दावेदारपक्षाने परस्परविरोधी विधाने केली.'"

"अगं, विज्ञान आहे हे!"

"हो, सर. बर्फातला बघू?"

मी डबी उघडली. तिने डबीतला बघितला, दाखला बघितला, पुन्हा टाकी बघितली. "करडा मासा बाजारात कुठेही मिळतो ना, सर?" तिने मऊ आवाजात विचारलं. आवाज मऊ ठेवायचा, हेही माझंच. मग तिने झाकणाकडे पाहिलं. "हे उघडं कुणी ठेवलं होतं?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने सवयीने छताकडे पाहिलं.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "हुशार आहे हो पोरगी."

"मी घडवलीय."

"दिसतंय ना."

सुनावणी साहेबांच्या निवृत्तीच्या दिवशीच ठेवली गेली. जाता जाता घाण उपसून जावी, असा त्यांचा विचार असावा. खोलीत साहेब, मुंगी, परदेशातून घाईघाईने परतलेला मेहुणा आणि मी. विभागातले बाकीचे काचेच्या दाराबाहेर कामं करत होते, म्हणजे कान लावून होते. दावेदाराच्या खुर्चीवर मी प्रथमच बसत होतो. ती खुर्ची डुगडुगते. मीच मुद्दाम तशी ठेवायला लावली होती. माणूस डुगडुगला की खरं बोलतो.

साहेबांनी सरळ विचारलं, "बनाव आहे का?"

मेहुण्याने मग बाजू मांडली. चित्रं दाखवली, मेंदू दाखवले, निरोप कसे फिरतात ते सांगितलं, आणि डबीतला मासा आपलाच असल्याचं त्याच्या कल्ल्याजवळच्या जुन्या जखमेवरून पटवून दिलं. साहेब कान देऊन ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट समजतेय असं वाटलं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे हे खरं बोलतायत."

माझी छाती फुगली. मी मुंगीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पण मुंगी डगमगली नव्हती. तिने फक्त पान उलटलं.

"यांचं सगळं म्हणणं मान्य," ती म्हणाली. "बनाव नाही. मोठी मादी नर झाली. मग पॉलिसी बघू या. विमा कशाचा होता? एका नराचा, निळ्या डोक्याचा. आज टाकीत काय आहे? एक नर, निळ्या डोक्याचा. विम्याचा विषय जागेवर हजर आहे. कमी झाली ती एक मादी. आणि माद्यांचा विमा नव्हता. त्या चिल्लर, असं तेव्हा ठरलं होतं."

आणि सांगतो, माझ्या तोंडून चक्क "वा!" निघालं. मला आवरलंच नाही. इतकी देखणी नामंजुरी मी स्वतःसुद्धा केली नसती. मेहुण्याने माझ्याकडे असं पाहिलं की त्या दिवशी मलाच टाकीतून बाहेर पडावंसं वाटलं.

"झाकणाचा मुद्दा मी घेतला नाही," मुंगीने नम्रपणे पुस्ती जोडली. "गरज पडली नाही."

म्हणजे मी निर्दोष सुटलो. आणि तिथेच माझा घात झाला. बनाव सिद्ध झाला असता तर एक वेळ निभावलं असतं. लबाड माणूस दावे विभागाचा प्रमुख होऊ शकतो. पूर्वी झालेलेही आहेत, आणि चांगले झाले आहेत. पण स्वतःच्या हाताने 'कायमस्वरूपी' लिहून, स्वतःच्या हाताने झाकण काढून, स्वतःच्याच पॉलिसीत अडकलेला बावळट? आमच्या धंद्यात बावळटपणाला क्षमा नाही. तो आम्ही गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेला असतो. साहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गंमत आली हो शेवटच्या दिवशी." या खांद्यावर खुर्चीची जबाबदारी पडायची मी वाट पाहत होतो.

तरीही मी आशा सोडली नव्हती. नेमणुकीचा आदेश मुख्य कचेरीतून यायचा होता, आणि तो यायला नेहमीप्रमाणे वेळ लागणार होता. तोवर ज्येष्ठतेचा नियम माझ्या बाजूने होता. साहेबांना फुलं दिली गेली, टाळ्या झाल्या, ते जिना उतरून गेले. आम्ही सगळे परत आत आलो. साहेबांची खुर्ची रिकामी. कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं, म्हणजे सगळेच पाहत होते.

मी ठरवलं, घाई करायची नाही. थोडं शोभेने घ्यावं. हात धुऊन येतो, केस नीट करतो, मग सहज जाऊन बसतो.

परत आलो तेव्हा मुंगी आपल्या टेबलाशीच होती. खुर्चीला तिने हात लावला नव्हता. पण ती उभी होती, आणि आजवर मी तिला सरळ उभी असलेली कधी पाहिलीच नव्हती. ती इतकी उंच आहे हे तेव्हा कळलं. मिशांचा विमावाला तिच्यासमोर कागद घेऊन उभा होता. गाण्याचा विमावाला त्याच्या मागे. खिडकी कुणीतरी तिला हवी तशी अर्धी लावून ठेवली होती. आदेश नव्हता, सही नव्हती, शिक्का नव्हता. नावाची पाटीसुद्धा अजून जुन्या साहेबांचीच होती. आणि इथे नर-मादीचा काही संबंध नाही बरं. आमच्या विभागात लिंग एकच, खुर्चीचं. कुणाच्या तरी डोक्यात आधी निरोप फिरला होता, आणि मग तो सगळ्यांच्या डोक्यांत फिरला होता. परिपत्रक यायचं तेव्हा येवो.

मेहुण्याला हवा असलेला पहिला तास माझ्या डोळ्यांसमोर चालू होता. या खेपेला मी शोधत बसेन असा एकही कागद उरला नव्हता, म्हणून सगळं नीट दिसलं.

मुंगीने मान वळवली. "अहो," ती म्हणाली. 'सर' नव्हतं. राग नव्हता, उर्मटपणाही नव्हता, नुसतं 'सर' नव्हतं. "त्या माशाच्या दाव्याचं पत्र आजच जायला हवं. तुमच्या घोड्याच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य घ्या त्यात. छान आहे ते."

मी माझ्या जागेवर बसलो आणि मेहुण्याच्या नावे पत्र लिहिलं. झालेल्या नुकसानीबद्दल कंपनीला सहानुभूती आहे. मात्र सहानुभूती पॉलिसीत अंतर्भूत नाही. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं. पत्र सहीसाठी तिच्या टेबलावर ठेवलं आणि वळलो, तेवढ्यात ती साहेबांच्या खोलीकडे निघाली. वाट अरुंद होती.

मी बाजू दिली.